भोसरीला जाऊन आलेली हार्ड डिस्क

हसणार तर तुम्ही आहातच, म्हणून आधी चहा पिऊन घ्या. उगाच ठसका लागायचा.

आमची कंपनी चाकणला, पत्रा दाबून पार्ट काढणारं प्रेस शॉप. मी तिथं सोळा वर्षं मेंटेनन्सला आहे. बेअरिंग, बेल्ट, सील, काहीही गेलं की मी ते खोलतो, खिशात टाकतो आणि भोसरीत दुकानाच्या काउंटरवर नेऊन ठेवतो. "असलं द्या." नमुना दाखवल्याशिवाय मी आजवर साधा बोल्टसुद्धा घेतलेला नाही.

तर आमचा सर्व्हर. कोपऱ्यातल्या खोलीत एसी लावून बसवलेलं जुनं धूड. सगळ्या डायची, म्हणजे प्रेसच्या साच्यांची, ड्रॉइंग त्याच्यात, आणि दुसरीकडं कुठंच नाहीत. त्याच्या चार हार्ड डिस्कपैकी एक गेली. सर्व्हर बघणारे कुलकर्णी पुण्यात बसतात, त्यांचा मला फोन आला.

"शिंदे, एक गेली तरी तो तीनवर चालतो. पण आणखी एक गेली तर सगळी ड्रॉइंग गेली समजा. मॉडेल जुनं आहे, कुठलीही डिस्क चालणार नाही. अगदी तशीच शोधा."

अगदी तशीच? मग हे तर आपलंच काम की!

मी त्या खोलीत गेलो. चार डिस्क, चार दिवे. एक नारिंगी, गप्प, स्थिर. बाकीचे तीन हिरवे, नुसते लुकलुकतायत. आता तुम्हीच सांगा, आमच्या प्रेसवर दिवा लुकलुकायला लागला की काय समजायचं? बिघाड. इथं तर तीन लुकलुकत होते आणि कुलकर्णी म्हणतात एकच गेली. माझं डोकंच चालेना. शेवटी जो सगळ्यात जास्त फडफडत होता, त्याची डिस्क खटकन ओढली, रुमालात गुंडाळली आणि गाडी काढली.

मोशीपर्यंत पोचलो नाही तोच साहेबांचा फोन.

"शिंदे, सर्व्हर बंद पडला हो. एकही ड्रॉइंग उघडत नाही. डाय सेटर नुसते बसून आहेत."

"दुसरी पण गेली वाटतं, साहेब. मी त्याच्याच मागे आहे."

"लवकर करा. ड्रॉइंग गेली तर कंपनीला कुलूप लावायची वेळ येईल."

मी गाडी आणखी दामटली. कसली ही डिस्क, एकीला बघून दुसरी जाते?

भोसरीत पहिल्या दुकानदारानं ती उलटसुलट केली. "लय जुनी हाय. न्हाई भेटायची."

दुसऱ्यानं विचारलं, "सॅस का साटा?"

मला यातलं एकही कळेना. म्हटलं, "तशीच."

"तशीच म्हंजी कशी?"

मी डिस्क पुन्हा त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं ती मशीनला लावून बघितली.

"भाऊ, ही तर चांगली चालतीय."

"चांगली कशी? हीच गेलीय."

"कुठं गेलीय? तुमीच तर घेऊन आलाय."

मी कुलकर्णींना फोन लावला. ते म्हणाले, "नारिंगी दिव्याची काढली ना?"

"हिरव्या."

कुलकर्णी हळूच म्हणाले, "शिंदे, हिरवा लुकलुकतो तेव्हा डिस्क काम करत असते. आधी जा आणि ती जागेवर बसवा."

परतीचा रस्ता मी कसा कापला, मला आठवत नाही. डिस्क आत ढकलली, कुलकर्णी फोनवरून सांगतील ती बटणं दाबली. दहा मिनिटं सर्व्हर नुसता घरघरला, आणि मग ड्रॉइंग उघडली. खरं सांगतो, मला रडूच आलं.

तेवढ्यात साहेब आत आले, त्यांनी पाठ थोपटली. "वा शिंदे! नवीन डिस्क झकास आहे हो. आधीपेक्षा फास्ट उघडतंय सगळं. बाकीच्या तीन पण त्याच दुकानातून आणा."

मला खोटं बोलवेना. "साहेब, ही नवीन नाही. आपलीच आहे. नुसती भोसरीला जाऊन आली."

साहेब एकदा डिस्ककडं बघतात, एकदा माझ्याकडं. "मग चार तास तुम्ही केलं काय?"

"सर्व्हर बंद ठेवला, साहेब."