गिळलेली ओळ

कुडव्याच्या भूमेश्वरी टेंभरेचं काम सांगायला सोपं, करायला डोळेफोड. राइस मिलचे बॉयलर चालवणारं सॉफ्टवेअर एक कंपनी बनवायची. त्याची माहितीपुस्तिका नीट उमटते की नाही, हे भूमेश्वरी घरबसल्या बघायची. ‘पेक्षा कमी’ची टोकदार खूण मजकुरात उघडी राहिली, की संगणकाला वाटतं इथून त्याच्यासाठीची सूचना सुरू झाली. मग ‘पेक्षा जास्त’ची खूण येईपर्यंत मधलं सगळं तो गिळून टाकतो. म्हणून खुणेच्या जागी तिचा सांकेतिक शब्द घालायचा: ‘पेक्षा कमी’साठी <, ‘पेक्षा जास्त’साठी >. सहा वर्षं ती हेच करत होती.

मार्चमध्ये उलटंच झालं. खुणांऐवजी ते सांकेतिक शब्दच पानोपानी उमटायला लागले. वरिष्ठ हिमांशु फोनवर म्हणाला, “मॅडम, एकेक कशाला बघता? सगळे एकदम बदलून टाका. आज छपाईला जायचंय.”

तिनं एकदम बदलले; सगळीकडे पुन्हा उघड्या खुणा आल्या. पहिली चाळीस पानं तपासली, ठीक होती. उरलेली तपासली नाहीत.

जूनमध्ये सालेकशाच्या वाटेवरच्या एका मिलमध्ये बॉयलर फुटला. तो चालवणारा चंद्रकुमार दोन दिवसांनी गेला. मिलवाले म्हणाले, नशेत होता. नाहीतर तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये पाणी कोण सोडतं?

त्या मिलमध्ये हीच पुस्तिका गेली होती, हे बातमी वाचून भूमेश्वरीच्या लक्षात आलं. तिनं पुस्तिकेचं एक्क्याण्णवावं पान काढलं. ‘लो’ म्हणजे पाण्याची किमान रेघ. मूळ मजकूर होता: ‘पातळी <लो असेल तर पाणी सोडू नका, आधी आग विझवा. पातळी >लो असेल तर पाणी सोडा.’

छापील पानावर एवढंच उरलं होतं: ‘पातळी लो असेल तर पाणी सोडा.’

तिनं हिमांशुला फोन लावला. तो म्हणाला, “दुरुस्त करा आणि जुनी फाइल उडवा. बोलू नका कुठे. बदल तुमच्याच हातानं झालाय.”

“मालूम आहे मले,” ती म्हणाली.

त्याच दुपारी तिनं पुस्तिका गेलेल्या अकरा मिलना एकेक करून फोन केले. एका ठिकाणचा माणूस म्हणाला, “ते पान तं आमी भिंतीले चिपकवून ठेवलं आहे.”

“फाडा,” ती म्हणाली. “फोन चालू ठेवा, अन् आत्ताच फाडा.”

दुसऱ्या दिवशी मूळ आणि छापील अशी दोन्ही पानं घेऊन ती चंद्रकुमारच्या घरी निघाली, तेव्हा नवरा लोकेंद्र दारात आडवा आला. “कायले जाऊन राहिली? नोकरी तं जाईलच, वरून केस होईल.”

ती गेली.

चंद्रकुमारची बायको रुख्मा अंगणात बसली होती. “दारूले त्यायनं कधी हात नाही लावला,” ती आपणहूनच म्हणाली. “कोनी आयकतच नाही.”

“ते वाचूनच वागले, बाई. पान मी बिघडवलं.” भूमेश्वरीनं दोन्ही कागद पुढे केले आणि सगळं सांगितलं.

रुख्मानं ओळीवरून बोट फिरवलं. “मंग तुले तवा दिसलं काऊन नाही?”

“मी पाह्यलंच नाही.”

“कागद ठेव,” रुख्मा म्हणाली. “अन् जाय आता.”

भूमेश्वरीनं चौकशी अधिकाऱ्यापुढे जबाब दिला. कंपनीनं तिला काढलं. अहवालातून ‘नशेत’ हा शब्द गेला. चूक कुणाची, या रकान्यात तिचं नाव आलं. हिमांशुचं कुठेच नव्हतं. रुख्माकडून पुढे काही निरोप आला नाही.