दहा मिनिटांत एक घर

आमच्या मंडळीत नाताळच्या आधी कॅरोल घेऊन घरोघर जायची पद्धत आहे. पेटी, ढोलकी, पंधरा-वीस माणसं. दारात गाणी, आत गेल्यावर त्या घरासाठी प्रार्थना, मग करंजी-चिवडा. मी लहान असताना एकेका घरी अर्धा तास जायचा, निम्मी घरं राहायची आणि राहिलेले वर्षभर रुसून बसायचे.

दोन वर्षांपूर्वी हे काम मी हातात घेतलं. माझे वडील अर्धापूरला केळीचे घड गाडीत भरायचे. त्यांच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही सांगते. नांदेडातल्या गल्ल्या वाटून तक्ता केला. दर घरी दहा मिनिटं. प्रार्थना शेवटच्या घरी, सगळ्यांसाठी मिळून एकदाच. त्याच वर्षी नाताळच्या आधीच्या शनिवारी चारला निघालो, आठच्या आत सगळी घरं झाली. रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी कौतुक केलं तेव्हा मी ताठ बसले होते.

बाहेर पडताना एक ताई म्हणाल्या, “आमच्या शेजारच्या मावशी विचारून राहिल्या, कॅरोलवाले कधी येणार?”

“आलो की काल! दोन गाणी म्हटली तिथं.”

“हाव, मी बी ऐकली. पण त्या म्हणतात, आलेच न्हाईत.”

वय झालंय, विसरल्या असतील, असं मी मनाला सांगितलं. मन ऐकेना. करंज्या करताना दोन घाणे जाळले. चोवीस तारखेला दुपारी नाटकाची तालीम होती, तरी स्कूटी त्यांच्या गल्लीत वळवली.

मावशींचा पाय मोडला होता, वर्षभर चर्चला येणं बंद होतं. त्या खाटेवरच होत्या.

“मावशी, शनिवारी आलो होतो ना आम्ही. आठवतंय का?”

“पाय मोडलाय पोरी, डोकं न्हाई. गायलात, फोटो काढलात, चिवडा खाल्लात. प्रार्थना कुठं केली?”

“सगळ्यांची मिळून केली, शेवटच्या घरी.”

“मग चिवडा बी तिथंच खायचा होता.”

मी हसले, पण ते बोलणं लागलंच. म्हटलं, “उद्या पाळकसाहेबांना पाठवते.”

“उद्या त्यांची धावपळ लई. तू आलीस न्हवं? तूच कर.”

इतकी वर्षं मंडळीत माइक, खुर्च्या, याद्या सगळं मी केलं. चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना मात्र कधीच केली नव्हती. ती करायला कायम दुसरं कुणीतरी असायचं. तालमीची वेळ होऊन गेली होती. पर्समध्ये फोन वाजत होता. मावशींनी तोवर डोक्यावर पदर घेतला, माझा हात धरला, डोळे मिटले.

“हे स्वर्गीय पित्या,” मी म्हणाले. पुढचं सुचेना. “मावशींचा पाय...”

कोणता, तेही मला ठाऊक नव्हतं. डोळे उघडून विचारावं लागलं.

“डावा,” डोळे न उघडता त्या म्हणाल्या. “सांग त्याला.”