भिंतीपलीकडचं अर्धं मिनिट

कोगनोळी नाक्याच्या अलीकडच्या गावांत मी वीस वर्षं केबल चालवली. आता त्याच खांबांवरून इंटरनेटची तार नेतो आणि तिच्यावर टीव्ही देतो. तक्रारी ठरलेल्या असतात. चित्र अडकतं, चकती गोल फिरत राहते, मॅच ऐन भरात थांबते. पण मला शाळेत शिकवलेल्या बाईंनी केली तसली तक्रार मी तोवर ऐकली नव्हती.

बाई निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. जैन घर, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि सातला मालिका लावून बसायचं, हा त्यांचा नेम. एकदा त्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"टीव्हीत काय बोलणार, ते मला आधी ऐकू येतंय रं."

वयाचं असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बॉक्स बंद करून चालू केला, एक तार बदलली आणि परत आलो. आठवड्यानं पुन्हा फोन.

"काल मालिकेतला सासरा गेला. तो जायच्या आधीच मला रडणं ऐकू आलं. तू सातला ये. बसून बघ."

गेलो. बाईंनी आवाज बारीक केला. पडद्यावर मालिकेतली सून देवापुढं दिवा लावत होती. तेवढ्यात आमच्या पाठीमागच्या भिंतीतून बायकी आवाज आला, "तो आता परत येणार नाही." दबका, पण स्पष्ट. बाई टीव्हीकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होत्या. पडद्यावरच्या सुनेनं दिवा लावला, हात जोडले, अंगणात आली, फोन कानाला लावला, नुसतं ऐकत राहिली. आणि मग म्हणाली, "तो आता परत येणार नाही."

माझ्या अंगावर काटा आला. मग धंद्यातली अक्कल जागी झाली.

"बाई, इंटरनेटवर चित्र सरळ येत नाही. त्याचे तुकडे करून पाठवतात, आणि मधेच अडकू नये म्हणून आपला बॉक्स थोडे तुकडे साठवून मग दाखवतो. त्यात अर्धं मिनिट जातं. छतावर डिशची छत्री असलेल्याला तेच आधी दिसतं. तुम्हाला शेजारचा टीव्ही ऐकू येतोय, दुसरं काही नाही."

"शेजारी कोण हाय?" बाई म्हणाल्या.

भिंतीपलीकडं त्यांच्या जावेचं घर होतं. दोघा भावांच्या वाटणीत एकाच घराच्या मधोमध ती भिंत घातलेली. भाऊ दोघंही गेले, पण जावा बोलत नव्हत्या त्या नव्हत्याच. दोन वर्षांपूर्वी धाकटी "ह्या उंबऱ्याचं तोंड बघणार न्हाय" म्हणून मुलाकडं बेळगावला, शहापुरात राहायला गेली होती. तिच्या दाराच्या कुलपावर कोळ्याचं जाळं धरलं होतं.

"ती गेली तर न्हाय रं?" बाईंनी विचारलं. "मला कुणी कळवलं नसंल."

मी बाहेर येऊन जावेच्या भिंतीवरचं मीटर बघितलं. तांबडा दिवा लुकलुकत होता. बंद घरात वीज जळत होती.

मागल्या अंगानं तंबाखूच्या शेतातून गेलो. परसदार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा नाही, फक्त टीव्हीचा निळा उजेड. टीव्हीसमोर कुणीच नव्हतं. म्हातारी कोपऱ्यात भिंतीला कान लावून बसली होती. मला बघून दचकली नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"थांब. आता आक्कांकडं येतंय."

आणि भिंतीतून बाईंचा टीव्ही बोलला. तिच्या टीव्हीवर होऊन गेलेलंच वाक्य.

आठ महिने ती तिथं होती. शहरातल्या खोल्यांत जीव रमला नाही, आणि गावाला तोंड दाखवायची लाज. मुलगा दर रविवारी परसदारानं सामान टाकून जायचा. छतावर फुकट चॅनेलची जुनी छत्री होतीच.

"आवाज दुसऱ्यांदा आला की मला कळतंय," ती म्हणाली. "आक्का जेवल्या, बसल्या, बऱ्या हायीत."

माझ्यामागं पाचोळा वाजला. बाई शेतातून माझ्या पाठोपाठ आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी जावेकडं बघितलं.

"कधी आलतीस?"

"पावसाळ्यात."

"जेवलीस?"

"व्हय."

"मग चल तिकडं."

त्या दिवसापासून दोघी बाईंच्या पुढल्या सोप्यात बसू लागल्या. मला बरं वाटलं. पण दहा-बारा दिवसांनी बाईंनी पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, धाकटी बसते, पण प्रत्येक वाक्यानंतर भिंतीकडं मान वळवते, आवाज आला नाही की कासावीस होते. आणि मग जरा खाली बघून म्हणाल्या, "मलाबी सुनं लागतंय रं. तिकडचा टीव्ही लावून ठेव."

सातला थोडा वेळ असताना मी त्या रिकाम्या घरात शिरलो. टीव्ही लावला, आवाज जुळवला, दार ओढून घेतलं. शेताच्या बांधावरून चालत असताना मागं कोणीतरी बाई हसली. रिकाम्या खोलीतच हसली, हे मला ठाऊक होतं, तरी मी वळून बघितलं नाही.

बाईंच्या खिडकीतून दोघी दिसत होत्या. त्यांचा टीव्ही चालू होता, पण खुर्च्या त्यांनी फिरवून घेतल्या होत्या. दोघी भिंतीकडं तोंड करून, हात मांडीवर ठेवून, शांत बसल्या होत्या.

मी हाक मारली नाही. गाडी थोडी लांब ढकलत नेली आणि मगच चालू केली.