काट्याकडे न पाहणारे डेकवाले काका

पांढुर्ण्याच्या स्टेशन रस्त्यावर कॅसेटी भरून देणारे डेकवाले काका आपल्या डेकवरच्या काट्याकडे कधी पाहत नसत. आवाज किती चढला ते दाखवणारा तो काटा. त्याच्या मागचा दिवा केव्हाच गेला होता आणि आणलेला नवा दिवा टेबलाच्या खणात तसाच पडून होता. कोणी विचारलं तर म्हणत, "काटा दाखवते, कान सांगते."

आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. शाळा संपल्यावर बाबा मला घरी बसवणार होते, तेव्हा शेजारचे हे काका ओट्यावर येऊन म्हणाले, "भाऊ, पोरीचं डोकं चालते. कायले थांबवून राहिले तिले?" मी कॉलेजात गेले. पुढे माझे धडे माझ्याच आवाजात भरून त्यांनी मला दिले. कापूस निवडता निवडता मी ते ऐकत असे.

मी शेवटच्या वर्षाला असताना लोधीखेड्याच्या भजनी मंडळाचे बुवा दुकानात आले. काकांनी भरून दिलेल्या भजनाच्या कॅसेटीच्या नव्या प्रती त्यांनी टेबलावर ठेवल्या. "काका, आमचे लोक यात भजन म्हणून राहिले का भांडून राहिले? जुन्या प्रती चांगल्या होत्या. जमत नसन तर सौसरले भरून घेतो."

काकांचा चेहरा काळवंडला. त्यांनी स्पिरिटनं डेकचं हेड पुसलं, पट्टा बदलला, वायर बदलली. तीन दिवसांनी भरलेल्या प्रतीतही आवाज तसाच फाटला.

मी जुनी आणि नवी प्रत घरी नेली आणि आमच्या टेपवर, बटण न हलवता, एकामागून एक लावली. जुनी स्वच्छ, नवी कर्कश. मूळ कॅसेट एकच, डेक एकच. मग बदललं काय?

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काका, माझ्यासमोर भरा एक." ते रेकॉर्डिंगचं बटण वाढवत गेले. टाळ कानात टोचू लागले, तरी त्यांचा हात थांबेना. "आता कुठं खुलला आवाज," ते समाधानानं म्हणाले. मी हात पुढे करून डेक बंद केला, त्यांच्या पाठीमागे गेले आणि हाक मारली. पुन्हा मारली. ते वळले नाहीत. ज्या कानांवर सारा गाव विसंबला होता, ते कान गेले होते आणि हे त्यांना मी सांगायचं होतं.

मी समोर आले. "काका, डेक ठीक आहे."

"मंग?"

मी माझ्या कानाला बोट लावलं.

मग खण उघडून काकांनी तो नवा दिवा काढला आणि काट्यामागे बसवला. काटा उजळला. "लोधीखेड्याची कॅसेट आण," म्हणाले, "आता यालेच इचारू." या वेळी बुवा प्रत घेऊन गेले ते तक्रार घेऊन परत आले नाहीत.

निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन धावले. तोवर त्यांना समोरचंही ऐकू येईनासं झालं होतं. मी दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली, माईक माझ्यापुढे धरला आणि डेककडे बोट केलं. मी ओरडून म्हटलं, "काका, मी पास झाले."

काटा थेट लाल रेघेपार गेला.

त्यांनी तो खाली येईपर्यंत पाहिला आणि पेढ्यासाठी हात पुढे केला. "नापासाचा काटा एवढा उडत नाही," म्हणाले.