पाट्यावरचं पिवळं फूल
कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काल कुणीतरी तापलेलं लोखंड तेलात बुडवलं आणि त्या जळक्या वासाने मी एकदम शहाद्याच्या लोहारचाचांच्या दुकानात जाऊन पोहोचलो. मी शिकायला बाहेर निघणार म्हणून वडील मला त्यांच्याकडून घडीचा चाकू करवून देणार होते. “स्टेनलेसचा करू या का? गंजणार नाही,” मी चाचरत विचारलं. चाचा हसले, “ते नुसतं चमकस, बेटा. धार टिकाडनी शे तर गाडीना पाटा ले.” मग कोपऱ्यातल्या भंगारातून जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे तुकडे उचलून मी ठोकून पाहू लागलो. ज्याचा आवाज खणखणीत आला, तो वडिलांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने काजळी पुसली, तर खाली पिवळ्या रंगाचं फूल निघालं. माझा मोठा भाऊ आपल्या जीपवर जागा मिळेल तिथे असंच फूल काढायचा. तोरणमाळच्या घाटात तो जीपसकट दरीत कोसळून गेला, तेव्हा वडिलांनी ती न बघताच भंगारात दिली होती. “हाऊ पाटा तुन्हा भाऊनी जीपना शे,” ते म्हणाले आणि मटकन खाली बसले. चाचांनी घाईने तुकडा ढिगात टाकला, “दुसरा ले, बेटा.” पण वडील उठले आणि तोच तुकडा शोधून त्यांनी ऐरणीवर ठेवला. “हाऊच घडा. त्याले भी कॉलेजमा जानं व्हतं.” होस्टेलवर कुणी चाकू मागितला, की मी स्वतः उठून कांदा कापून देतो, तो दुसऱ्याच्या हातात द्यायला मला अजून जमलेलं नाही.