सालींचा ढीग

उद्यान खात्यात तिला सगळे 'घसरगुंडीबाई' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. शहरातल्या मुलांच्या बागा तिनंच आखलेल्या, आणि सगळ्या एका साच्यातल्या: घसरगुंडी, झोपाळे, खाली रबराची फरशी. एकदा तिच्या नातीनं तोंड वाकडं करून निकाल दिला, "आजी, तुझ्या बागेत कंटाळा येतो." ते तिला फार लागलं. निवृत्ती जवळ आली होती. जाण्याआधी एक तरी बाग अशी करायची, की मुलं घरी जाताना रडली पाहिजेत, असं तिच्या मनानं घेतलं.

गर्द झाडीच्या मोठ्या उद्यानात वादळानं एक जुनं झाड आडवं केलं. तिनं ते हलवू दिलं नाही. नव्या नकाशात घसरगुंडी नव्हतीच. आडवं खोड, फांद्यांवरून चढायच्या वाटा, खाली चिखल करायला माती. त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा ती साहेबांशी भांडली, आणि साहेब चक्क हो म्हणाले.

मग खात्यातल्या एकेकाचं सुरू झालं. "बाई, कल्पना छानच. पण फांदीवरून एखादं पोर पडलं तर?" फांद्या कापल्या. साल टोचेल, म्हणून सोलून काढली. मुंग्या चावतील, म्हणून औषध मारलं. शेवाळ धरेल, म्हणून वॉर्निश. आणि माती? "आया ओरडतील हो!" पुन्हा रबर. दर वेळी ही मान डोलावायची आणि स्वतःची समजूत घालायची, खोड राहतंय ना, मग झालं. एक भांडण केलं तेवढ्यातच बाईंची हिंमत संपली होती. होला हो म्हणायची सवय हाडीमाशी खिळलेली, ती काय एका झाडानं सुटते?

उद्घाटनाच्या सकाळी खोड दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखं चकाकत होतं. मुलांनी त्यावर हात फिरवला, एकदोघं चढून घसरली, आणि पांगली. थोड्या वेळानं त्यावर आया गप्पा मारत बसल्या. एवढ्या खटपटीनंतर तिनं बाकडं बनवलं होतं. तिला भडभडून आलं.

नात दिसेना म्हणून ती शोधत कुंपणामागे गेली. तिथं कामगारांनी टाकलेल्या साली, कापलेल्या फांद्या आणि उपसलेली माती यांचा ढीग पडला होता. त्यात पाच-सहा पोरं नखशिखांत माखलेली. कुणी फांद्यांचं घर बांधत होतं, कुणी सालींच्या होड्या करत होतं. नात ढिगावरून ओरडली, "आजी, हे तू बनवलंस? कसलं भारी आहे!"

तिला हसू आलं आणि रडूही. तोच ठेकेदार गाडी घेऊन हजर झाला. पाठोपाठ साहेब, नाकाला रुमाल लावून.

ठेकेदार म्हणाला, "बाई, मुख्य पाहुणे यायच्या आत हा राडारोडा उचलायला तुम्हीच सांगितलं होतं ना? मुलांना तेवढं बाजूला घ्या."

खरंच तिनंच सांगितलं होतं. दर उद्घाटनाआधी ती हेच सांगायची. आता नुसतं 'राहू द्या' म्हणायचं होतं. ते शब्द जिभेवर आले. साहेब घड्याळाकडे बघत होते.

"घ्या उचलून," ती म्हणाली.

नातीला कडेवर घेऊन ती बागेबाहेर निघाली, तेव्हा नात घरी जायचं नाही म्हणून हमसून हमसून रडत होती.