रुमाल झटकल्यानंतर

वसुलीच्या साहेबाने आमच्या रुमालमामाला फसवलं. एक अक्षर खोटं बोलला नाही, एक पैसा जास्त घेतला नाही, तरी फसवलं. हे आधीच सांगून टाकते. मामाचं कौतुक सांगताना माझा राग निवळला, असं कोणाला वाटायला नको.

रुमालमामा हे नाव त्याला बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात पडलं. तो जनावरांचा दलाल होता. आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे हात पुढे करतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसतो. मामाचा रुमाल विटकरी, चौकटीचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. सांगितलेला भाव तसाच देणं मामाला जमायचंच नाही. "मागंल तेवढं देनारं गिऱ्हाईक नसतंय, यडं असतंय," म्हणायचा. एकदा डॉक्टरांनी पाच इंजेक्शनं सांगितली, तर हा म्हणाला, "तीन करा राव, नेहमीचा पेशंट हाय." डॉक्टरांनी हसून चार केली. मामा वर्षभर ती गोष्ट सांगत होता.

माझी त्याची गाठ पडली तेव्हा दोन शेळ्या आणि तोंड एवढंच माझं भांडवल होतं. नवरा नोकरीला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. शेळ्यांचा व्यापार करायचं मी ठरवलं, पण बाईचा हात रुमालाखाली घेणार कोण? माणसं हसायची. मला राग आवरत नाही. एका व्यापाऱ्याला भर बाजारात मी त्याच्या आज्यापणज्यापर्यंत नेऊन आणलं. मामा लांबून बघत होता. जवळ येऊन म्हणाला, "भाचीबाई, तोंड घरी ठिवून येत जा. हात मी देतो."

त्या दिवसापासून मामा माझा हात झाला. मी विकणाऱ्याच्या पाठीमागे, मामाला दिसेल अशी उभी राहायची. मामा डोळ्याने भाव खुणवायचा, तो मला पटला नाही की पदर खोचायची. मामा बोलता बोलता हात काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "जमत नाय पावणं, रामराम." आज आळेफाट्याला माझा शेळ्यांचा गोठा आहे, स्वतःचा टेम्पो आहे. ते सगळं मामाच्या त्या हातावर उभं राहिलेलं आहे.

मामाचे दोन कायदे होते. खोड सांगून विकायचं, हा पहिला. एकदा मी घेतलेली शेळी स्वतःचंच दूध पिणारी निघाली. विकणाऱ्याला ते माहीत होतं, त्याने सांगितलं नव्हतं. पुढच्या सोमवारी मामाने शेळी त्याच्यासमोर नेऊन बांधली. तो म्हणाला, "तुमी इचारलं कुठं?" मामा शांतपणे म्हणाला, "इचारायचं गिऱ्हाइकानं नसतंय, सांगायचं मालकानं असतंय." चार माणसं जमली. त्याने मुकाट्याने पैसे परत दिले. दुसरा कायदा असा, की सौदा झाला की रुमाल झटकायचा आणि त्यानंतर मागचं काही उकरून काढायचं नाही. ज्याने भाव सोडला त्याने मनात ठेवायचं नाही, ज्याने सोडून घेतला त्याने मिरवायचं नाही. पहिला भाग मामा पाळायचा. मिरवल्याशिवाय मात्र त्याला राहवायचं नाही.

थोरल्या पोराला, दत्ताला, त्याने पिकअप घेऊन दिली. फायनान्सचं कर्ज मामाच्या नावावर, दत्ता सहकर्जदार. हप्ते वेळेवर जात होते. मग टाळेबंदी आली, बाजार बंद झाले, गाडी दारात उभी राहिली आणि हप्ते थकले. बाजार पुन्हा भरायला लागले तसे मामाने पैसे जमवले. सगळं कर्ज फिटेल एवढे जमवले होते, हे मी मुद्दाम सांगते. आणि तेव्हाच महिनाअखेरीला वसुलीचा साहेब आला.

"मामा, एकरकमी भरत असाल तर थोडं सोडतो," साहेब म्हणाला. मी तिथेच ओट्यावर बसले होते.

सोडतो हा शब्द ऐकला आणि मामाच्या अंगात वारं आलं. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला. "साहेब, हात आना."

साहेब हसत हसत हात देऊन बसला. त्याला बोटांची भाषा येईना. मध्येच विचारायचा, "मामा, हे किती झाले?" मामी आतून हसत होती. अर्धा तास घासाघीस चालली. मामाने साहेबाला असं खाली आणलं की बेल्ह्याचे दलालही थांबून बघत राहिले असते. शेवटी रुमाल झटकला आणि विचारलं, "मिटलं न्हवं? मागं काय ऱ्हात नाय ना?"

"मिटलं मामा. आता आमचा एक रुपयाही तुमच्याकडे नाही."

मामाने दत्ताला पिटाळून पेढे आणवले. साहेबाने दोन खाल्ले.

मामा खोडदला एका मास्तरांच्या घरात भाड्याने राहायचा. दत्ताचा जन्मही त्याच घरातला. मामाचा बाप मेंढरांमागे फिरणारा, मामीचं माहेरही तसंच. पावसाळा सरला की कळप कोकणाकडे आणि संसार घोड्याच्या पाठीवर. मास्तर पुण्याला मुलाकडे जायला निघाले तेव्हा म्हणाले, घर विकायचंय, पहिला मान तुमचा. मामी सहसा काही मागत नसे. त्या दिवशी म्हणाली, "माझा जलम पालात झाला. मराण तरी भिंतीत होऊ द्या."

मामाने मास्तरांपुढेही रुमाल टाकला. मास्तर लाजले, पण भाव उतरवला. पिकअपच्या सौद्यातून वाचलेले पैसे इसार म्हणून दिले. बाकीची रक्कम घर गहाण ठेवून बँकेकडून, अक्षय तृतीयेच्या आत. नाही दिली तर इसार बुडाला.

मामाबरोबर मीही बँकेत गेले. तिथल्या बाई समजूतदार होत्या. संगणकाकडे बघत म्हणाल्या, "मामा, तुमच्या नावापुढे सेटलमेंटचा शेरा आहे."

"व्हय!" मामा खुर्चीत सरसावला. "म्याच क्येली. लई खाली आनलं व्हतं त्याला."

बाईंनी संगणकाचा पडदा मामाकडे वळवला. मग म्हणाल्या, "त्याचा अर्थ असा होतो की घेतलेलं कर्ज तुम्ही पूर्ण फेडलं नाही. स्कोअर पडलाय. सहकर्जदार म्हणून दत्ताचाही. ही फाईल वर जाणारच नाही."

"आवो, पर त्यांनी खुशीनं सोडलं की!"

"सोडलं मामा. पण लिहून ठेवलं."

 सौदा झाल्यावर कोणी मनात ठेवतं, हे मामाला कळत होतं. पण हसून हात झटकायचा, पेढा खायचा आणि सगळ्या बँकांना कळवून ठेवायचं, ही रीत त्याने कुठल्याच बाजारात पाहिली नव्हती.

आणखी तीन बँकांचे उंबरे झिजवले. सगळीकडे तोच शेरा आमच्या आधी पोचलेला. माझ्याकडचं देऊ केलं, पण शेळ्या विकून घर येत नाही. शेवटी मी मामाला घेऊन मंचरला त्या फायनान्सच्या कचेरीत गेले. जुना साहेब बदलून गेला होता. नवा पोरगा बसला होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, रुमालमामा म्हणाला, "पुरं घ्या साहेब. सोडलं व्हतं ते बी घ्या, वर व्याज लावा. तेवढा शेरा काढा."

"काका, खातं बंद झालंय. बंद खात्यात पैसे घेता येत नाहीत. हेड ऑफिसला मेल करा."

मी टेबलावर हात आपटला, वाटेल ते बोलले. मामाने माझं मनगट धरलं. "भाचे," तो हळूच म्हणाला, "पदर खोच."

मेल केले, फोन केले. उत्तर नाही. "त्या थाळ्यांना आभाळातलं लांबलांबचं ऐकू येतंय म्हनं," मामा खोडदच्या शिवारातल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या थाळ्यांकडे बघत म्हणाला. "फोनवरल्या पोरीला खोडदचं ऐकू येत नाय."

अक्षय तृतीया गेली. घर दुसऱ्याने घेतलं. अर्धा इसार परत द्यायचं मास्तरांच्या मनात होतं, मामाने एक बोट दाबलं असतं तरी दिला असता. मामाने हात पुढे केलाच नाही. बिऱ्हाड पिंपरी पेंढारला भावकीच्या रानात, पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. मामीने पत्र्याला आतून गोणपाट लावलं. भिंतीबद्दल ती पुन्हा बोलली नाही.

त्यानंतर एका सोमवारी मामा मला बाजारात भेटला. वांगी घेत होता. भाजीवालीने भाव सांगितला, मामाने तेवढे पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. ती घाबरली. "मामा, बरं नाय का तुमाला?" म्हणाली. मामाने पिशवी उचलली. जाताना खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "घे. मला आता भाव कळंना झालाय." तो पुन्हा बाजारात आला नाही. मी जाते तेव्हा शेडच्या दारात बसलेला असतो. मी धंद्याचं काही विचारलं की म्हणतो, "तुझं तू बघ, बाय."

आता त्या साहेबाला विचारते. मामाने तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, मागं काय राहत नाही ना? तुम्हाला माहीत होतं. पूर्ण पैसे घरात होते. सोडलेलं लिहून ठेवलं जातं, एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असता, तर मामाने रुमाल घडी करून सगळे मोजून दिले असते आणि मामी आज भिंतीत असती. बेल्ह्याच्या बाजारात खोड लपवून विकलेलं जनावर चार माणसांसमोर परत घ्यावं लागतं. रुमाल माझ्याकडे आहे, आणि आता त्याखाली माझाच हात आहे. एका सोमवारी या, आणि त्या शेडच्या दारात उभे राहून मामीला सांगा, दोन पेढे गिळलेत ते गिळलेत, ते एक वाक्य का गिळलंत?